शपथेवर थांबलेलं चाक

चंद्रप्रकाश मेस्त्रीचा हात फार लवकर सुटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्याच्याबद्दल बोलणारे लोक आधी त्याची डिग्री सांगतात, मग फ्रान्स सांगतात, मग मुलुंडच्या कॉलेजातली प्रोफेसरी सांगतात, आणि हाताचं सोयीस्कर विसरतात. माणूस विद्वान होता यात वाद नाही. पण त्याच्या आयुष्यात जे काही घडलं ते विद्वत्तेने कमी आणि रागाने जास्त घडवलं.

राग वडिलोपार्जित होता. बाप धाकू मेस्त्री मालवणाकडचा सुतार. मुंबईत येऊन गिरणीत चिकटला आणि चढत चढत जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम, झाला. जोगेश्वरीच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत गिरणीच्या मशीनचा एक जुना चामडी पट्टा खुंटीला टांगलेला असे, आणि त्याचा उपयोग एकच होता. गणितात मार्क कमी, पट्टा. उलट उत्तर, पट्टा. एकदा पोराने रडताना फार आवाज केला म्हणूनही पट्टा. त्या पट्ट्याखाली चंद्रप्रकाश वाढला, त्याने डिप्लोमा केला, मग नोकरी करता करता डिग्री मिळवली. ‘मार खाल्ला म्हणून शिकलो,’ असं तो छाती काढून सांगायचा. ज्या पोराला मार लागू पडतो, त्याला पुढे वाटायला लागतं की सगळ्या जगाला मारच लागू पडतो.

नोकरी साकीनाक्याच्या एका कारखान्यात होती. पंख्याचे आणि शेगड्यांचे पत्र्याचे भाग तिथे पॉवर प्रेसवर ठोकून निघत. पॉवर प्रेस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणसाएवढं उंच लोखंडी धूड. बाजूला मोटरवर फिरणारं एक मोठं जड चाक. खाली साचा, त्याला डाय म्हणतात. कामगाराने पत्रा डायवर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, की चाकाचं सगळं बळ घेऊन वरचा ठोकळा खाली आदळतो. पत्र्याची शेगडी होते. मध्ये हात राहिला तर हाताचंही काहीतरी होतंच. साकीनाक्याच्या त्या गल्ल्यांमध्ये तेव्हा म्हणत, प्रेसवर दहा बोटांचा माणूस दिसला तर समजावं, नवा आहे.

चंद्रप्रकाशला हे सहन होत नसे. त्याचं कौतुक करायचंच तर इथे करावं. बाकीचे इंजिनिअर तुटलेल्या बोटांची चौकशी करून चहा प्यायला जात. हा मात्र दिवसभर जेवत नसे. ‘लोखंड तुटलं तर मी दुसरं बनवीन. बोट कोण बनवणार?’ असं बायकोला, वनमालाला, विचारायचा, जणू ती बोटं तिनेच तोडली होती.

एकोणऐंशी साली कारखान्याने फ्रान्सहून नवे प्रेस घेतले आणि ते शिकून घ्यायला त्याला लिऑनला पाठवलं. तिथे शिकवायला मस्यू, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत, बेर्तिए नावाचे म्हातारे गृहस्थ होते. अर्धं आयुष्य कारखान्यात इंजिनिअर, उरलेलं कॉलेजात मेकॅनिक्सचे प्राध्यापक. आवाज इतका हळू की विद्यार्थ्यांना पुढे वाकून ऐकावं लागे. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रेसची सुरक्षेची जाळी बाजूला केली, डायवर कोबीचा गड्डा ठेवला आणि पेडल दाबलं. कोबीचं पाणी पहिल्या रांगेच्या कपड्यांवर उडालं. त्यांनी एक शब्दही न बोलता जाळी परत बसवली आणि धडा सुरू केला. चंद्रप्रकाश वर्षभर राहून आला. येताना कोबी डोक्यात घेऊन आला, म्हाताऱ्याचा हळू आवाज मात्र तिथेच राहिला.

परत आल्यावर त्याने स्वतः जाळ्या बनवून जुन्या प्रेसना बसवल्या. जाळी उघडी असेल तर पेडल दाबलं जायचंच नाही, अशी कडी त्यात होती. काम झकास होतं. पण जाळीमुळे पत्रा सरकवायला वेळ लागे आणि दिवसाचे नग कमी पडत. मग कामगार काय करणार? कडीला तार गुंडाळत आणि जाळी उघडी ठेवूनच काम करत. मेस्त्रीसाहेब राउंडवर येऊन तार बघत आणि थोबाडीत ठेवून देत. तार काढत, शिव्या देत, पुढे जात. ते वळले की तार परत लागे. हा खेळ रोज चाले. बोटं वाचवण्यासाठी थोबाडं फोडणारा साहेब साकीनाक्याने दुसरा पाहिला नसेल.

सगळ्यात जास्त मार अंबादास घाडीने खाल्ला. अंबादास प्रेसवरचा सगळ्यात चलाख हात, आणि तार बांधण्यातही सगळ्यांच्या पुढे.

एक्क्याऐंशीच्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा होई. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आणि मोठ्या प्रेसवर कोहळा. जाळी काढून कोहळा डायवर ठेवायचा आणि मशीनकडूनच तो फोडून घ्यायचा. मशीनने वर्षाचा भोग घेतला की वर्षभर माणसाच्या हातावर त्याची नजर जात नाही, अशी श्रद्धा. फोरमन नाना हा कोहळा स्वतः निवडून आणायचा. मुका मार लागलेला चालत नसे, देठ मोडलेला चालत नसे.

आदल्या दिवशी चंद्रप्रकाश राउंडला आला तर एकाच ओळीतल्या तीन प्रेसच्या कड्यांना तारा. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने सगळ्यांना मोठ्या प्रेसभोवती गोळा केलं, अंबादासला मानेला धरून पुढे उभं केलं, आणि काय दाखवावं म्हणून इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात पाटावर कोहळा होता. त्याने तो उचलला, जाळी कडीसकट काढून डायवर आपटला, पेडल दाबलं. पांढरा गर आणि बिया अंबादासच्या तोंडावर उडाल्या.

‘अंबादास, हा तुझा हात,’ तो ओरडला. ‘बघून घे. हा तुझा हात आहे, मूर्खा.’

कुणी काही बोललं नाही. त्याला वाटलं, धडा पोचला. लिऑनमध्येही वर्ग असाच गप्प झाला होता. पण इथली शांतता निराळी होती. मशीनच्या तोंडात भोग गेला होता, ना हळद ना कुंकू ना खंडेनवमी. आणि भोग देणाऱ्याने तो माणसाचं नाव घेऊन दिला होता. नानाने दुसऱ्या दिवशी नवा कोहळा आणला, पण हातात घेतला आणि ठेवून दिला. ‘उष्ट्या तोंडाला नैवेद्य कसला दाखवता?’ एवढंच बोलला. मोठ्या प्रेसपुढे त्या वर्षी फक्त नारळ फुटला.

दिवाळी झाली आणि थोड्याच दिवसांत त्याच प्रेसवर अंबादासचा उजवा हात गेला.

चंद्रप्रकाश धावत आला तेव्हा अंबादास डाव्या हाताने उजवं मनगट आवळून उभा होता. मनगटाच्या पुढे अंगठा होता आणि बाकी लाल चिंध्या होत्या. चार बोटं डायमध्ये शेगडीच्या पत्र्याला चिकटून राहिली होती, पत्र्याइतकीच सपाट. रक्त पेडलवर ठिबकत होतं. अंबादास ओरडत नव्हता, नुसता हसल्यासारखं तोंड करून उभा होता. चंद्रप्रकाशने आधी बोटं बघितली, मग कडी बघितली. कडीला तार होती.

आणि त्याचा हात सुटला. त्या अवस्थेतल्या माणसाच्या त्याने खाडकन थोबाडीत मारली. ‘सांगितलं होतं ना? सांगितलं होतं ना तुला?’

त्यानंतर त्यानेच अंबादासला खांद्यावर टाकलं, टॅक्सीत घालून आपला शर्ट फाडून त्याचा हात बांधला, घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेलं, आणि ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिला. ते कुणी मोजलं नाही. थप्पड सगळ्या कारखान्याने पाहिली. मी त्याची बाजू घ्यायला बसलेलो नाही. तुटक्या हाताच्या माणसाला मारणाऱ्याची बाजू घ्यायची तरी कुठून?

दोन दिवसांनी दुपारी तो शेडमध्ये शिरला तेव्हा मशिनं चालू होती, पण माणसं कामावर नव्हती. सगळी मोठ्या प्रेसपाशी उभी होती. त्यांच्यात अंबादासचा धाकटा भाऊ नंदू होता. नंदू गिरणीत बदली कामगार म्हणून जाणारा, प्रेसशी त्याचा संबंध नव्हता, पण अंगाने दांडगा. त्याच्याबरोबर अंबादासची बायको मालन. हॉस्पिटलातून सरळ आलेली, पदराला सुकलेलं रक्त. शेजारच्या कारखान्यांतूनही माणसं आली होती, हातात सळया घेऊन.

‘मशीनला तू माझ्या भावाचं नाव सांगितलंस,’ नंदू म्हणाला. ‘आता तुझं सांग.’

पहिली सळई कानावर बसली. डाव्या कानात शिट्टीसारखा आवाज झाला आणि तो कान तेवढ्यावर संपला. पुढचे तडाखे पाठीवर, पोटरीवर. तो पडला, उठला, एकाचं नाक त्यानेही फोडलं, पुन्हा पडला. मग त्याला फरफटत प्रेसपाशी नेलं. नंदूने त्याची मान प्रेसवर दाबली आणि त्याचा उजवा हात दोन्ही हातांनी पकडून डायवर आडवा केला. जाळी कुणीतरी आधीच कडीसकट उपटून फेकली होती.

‘पेडल दाबा कुणीतरी,’ नंदू ओरडला.

कुणी पुढे आलं नाही. मारणं वेगळं आणि हे वेगळं. तेवढ्यात लांब भिंतीजवळ नानाने मेन स्विच खाली ओढला. शेडमधले दिवे गेले, मोटरी गप्प झाल्या, छपराच्या काचांतून येणारा उजेड तेवढा उरला. ‘मशीन बंद केलंय, आता सोडा त्याला,’ नाना तिकडून ओरडत होता आणि दोघंतिघं त्याच्यावर धावून गेले होते. नंदू मान वळवून त्यांच्याशी भांडत होता. स्विच कुणी ओढला, आयची कटकट, कोण तो म्हातारा.

प्रेसच्या लोखंडाला गाल टेकलेल्या चंद्रप्रकाशला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे चाक. मोटर बंद झाली होती, पण चाक फिरत होतं. एवढं जड चाक बटण बंद केल्याबरोबर कसं थांबेल? ते आपल्या जोरावर बराच वेळ फिरतं, आणि फिरतंय तोवर त्याच्यात एका तडाख्याचं बळ असतं. आणि दुसरं म्हणजे खाली मालनचा पाय. सगळी गडबड नानाकडे गेली होती आणि ती पुढे येऊन पेडलवर पाऊल ठेवत होती.

डायवर त्याचा एक हात होता आणि त्यावर नंदूचे दोन.

हा माणूस जन्मभर ओरडत आला होता. त्या क्षणी मात्र त्याच्या तोंडून हळू आवाज आला, आणि तोही मालवणीत, जी तो घरातसुद्धा फारशी बोलत नसे.

‘बाये, पाय काढ. चाक अजून फिरता.’

मालनने चाकाकडे बघितलं. मग डायकडे, दिराच्या हातांकडे बघितलं. आणि पाय काढला.

सळयावाल्यांना यातलं काहीच कळलं नाही. मशीन बंद पडलं म्हणून त्यांनी त्याला खाली ओढलं आणि मशीनचं काम सळयांनी केलं. उजव्या हाताची हाडं इतक्या ठिकाणी मोडली की पुढे त्यातली दोन बोटं कधी वळलीच नाहीत. पोलीस आले तेव्हा सळयावाले पांगले होते. जागेवर सापडले ते नंदू आणि मालन.

हॉस्पिटलातून सुटल्यावर चंद्रप्रकाश कारखान्यात पुन्हा गेला नाही. शेठने त्याच्या जाळ्या काढून भंगारात दिल्या हे त्याला नंतर कळलं. त्या काळात नवी नवी इंजिनिअरिंग कॉलेजं निघत होती, तसं मुलुंडला एक निघालं. त्यांना फ्रान्सला जाऊन आलेला माणूस हवा होता आणि याला हाताने करायचं नसलेलं काम हवं होतं. असा तो मेकॅनिक्सचा प्राध्यापक झाला. पोरं त्याला ‘मस्यू’ म्हणत, आधी चिडवायला, मग सवयीने. फळ्यावर डाव्या हाताने लिहायचा. डस्टर फेकून मारायचा, तोही डाव्या हाताने, त्यामुळे ज्याला मारायचा त्याला न लागता शेजारच्याला लागायचा. शिकवायचा मात्र असा की मेकॅनिक्समध्ये लटकलेली पोरं दुसऱ्या कॉलेजांतून चोरून येऊन मागच्या बाकावर बसत.

घरी मात्र धुमसत असे. ‘तुरुंगात सडवणार आहे त्या नंदूला आणि बाईला,’ असं वनमालाला सांगायचा. ‘हात मोडला माझा. कान गेला. केस उभी राहू दे.’

वनमाला म्हणे, ‘तूही काही कमी केलं नाहीस.’ मग दोघांचं वाजे आणि भांडीही आपटली जात.

केस उभी राहिली पंच्याऐंशी साली, अंधेरीच्या कोर्टात. सळया कुणी मारल्या हे सिद्ध होईना. राहिला प्रश्न प्रेसचा. हात तोडण्याचा खरा प्रयत्न झाला असेल तर कलम जड होतं, आणि मालनचा पाय पेडलवर पाहिलेला एक साक्षीदार सरकारकडे होता. तिच्या वकिलाचं म्हणणं सोपं होतं. मेन स्विच बंद होता, बंद मशीनच्या पेडलवर पाय ठेवणं म्हणजे नुसतं घाबरवणं. नाना या बाबतीत खरं सांगू शकला असता, पण तो गावी जाऊन आदल्याच वर्षी वारला होता. म्हणजे सगळं चंद्रप्रकाशच्या एका उत्तरावर आलं.

सरकारी वकिलाने विचारलं, ‘आपण मेकॅनिक्सचे प्राध्यापक आहात. मेन स्विच बंद केल्यानंतर प्रेस खाली येऊ शकतो का?’

तो उत्तर घोकून आला होता. चाक, चाकातलं बळ, सगळं. वर्गात त्याने ते इतक्या वेळा शिकवलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. त्याने आरोपीच्या पिंजऱ्याकडे बघितलं. नंदू खाली मान घालून उभा होता. गिरण्यांचा संप होऊन त्याचं काम कधीच गेलं होतं. मालन सरळ त्याच्याकडे बघत होती. आपल्याला तुरुंगात घालणारं उत्तर कोणतं हे त्या खोलीत त्याच्याखेरीज तिलाच ठाऊक होतं, आणि ती विनवणी करत नव्हती.

आणि त्याला ते आठवलं. बापाने त्याला मारून शिकवलं, त्याने कामगारांना मारून शिकवलं, आणि त्यांच्यातलं कुणी कधी शिकलं नाही. साऱ्या जन्मात एकाच माणसाने न मारता त्याचं ऐकलं होतं. त्याने हळूच म्हटलं पाय काढ, आणि तिने काढला. त्या बाईला हा आता त्याबद्दल आत घालणार होता. त्याला स्वतःची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा वाटली असेल.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘येऊ शकत नाही. बटण बंद झालं की मशीन मेलं.’

‘शपथेवर सांगताय?’

‘शपथेवर सांगतोय.’

दोघं सुटले. घरी येऊन त्याने वनमालाला सांगितलं, आज मी कोर्टात खोटं बोललो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बरं केलंस.’ त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी दोघं बोलत बोलत जेवले. मलाही विचाराल तर बरं केलं असंच वाटलं होतं. माणसाने एकदा तरी रागाऐवजी दयेने काही करावं, आणि त्याने केलं. कॉलेजात तो चाकाचा धडा पूर्वीसारखाच शिकवत राहिला. इंजिनिअर होणाऱ्या पोरांना खरं आणि कोर्टातल्या कामगाराला खोटं, अशी वाटणी त्याने मनाशी ठरवून केली नव्हती. पण ती झाली होती.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका दुपारी त्याचा वर्ग चालू असताना दारात मालन येऊन उभी राहिली. केस पिकायला लागले होते. त्याने खडू खाली ठेवला आणि बाहेर गेला.

‘नंदूचे दोनव हात गेले,’ ती म्हणाली.

त्याला ऐकू आलं नाही असं समजून ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन पुन्हा बोलली. त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

गिरणी सुटल्यावर नंदू कुठे कुठे हमाली करत होता. कोर्टातून सुटल्यावर साकीनाक्याच्याच एका दुसऱ्या शेडमध्ये प्रेसवर लागला. परवा डायमध्ये पत्रा अडकला. त्याने बटण बंद केलं, दोन्ही हात आत घातले आणि पत्रा उपटायला लागला. उपटताना जोर लावला, पाय पेडलवर पडला.

‘मी तेका कितीदा सांगत होतंय,’ मालन म्हणाली. ‘चाक थांबल्याशिवाय हात घालू नको. तर तो म्हणता, वयनी, तुका काय कळता? सरांनी कोर्टात शपथेवर सांगलेला आसा. ते प्रोफेसर आसत.’

आत वर्गात पोरं गलका करायला लागली होती.

‘थयले सगळे आता तसाच करतत,’ ती म्हणाली. ‘नंदूनच शिकवल्यान तेंका. तुमी चला, सर. तेंका खरा सांगा.’

तो होता तसा निघाला.

त्या शेडमध्ये नंदूच्या प्रेसवर दुसरा माणूस बसलाही होता. डाय धुतली होती, खालची फरशी धुतली नव्हती. मालनने लोकांना हाक मारली आणि ते जमले. साकीनाक्याला त्याचं नाव माहीत होतं, थप्पड मारणारा साहेब म्हणून आणि कोर्टात खरं बोलून गरिबाला सोडवणारा सर म्हणूनही. एकाने त्याला बसायला स्टूल दिलं. तो बसला नाही.

‘मी कोर्टात खोटं बोललो,’ तो म्हणाला. ‘बटण बंद केलं तरी चाक फिरतं. फिरतंय तोवर मशीन जिवंत असतं.’

लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक जण हसला आणि म्हणाला, ‘काय राव सर, कोणी दम दिला का तुम्हाला? शेठने पाठवलं?’

‘बटण बंद कर,’ तो त्या नव्या माणसाला म्हणाला. माणसाने बंद केलं. मोटर थांबली. चंद्रप्रकाशने डायवर पत्र्याचा तुकडा ठेवला, सगळ्यांना मागे सरकवलं आणि पेडल दाबलं.

ठोकळा आदळला. सगळी शेड हादरली. तुकड्याची शेगडी झाली आणि टणकन खाली पडली. हसणाऱ्याने आपले दोन्ही हात काखेत घातले. नवा माणूस प्रेसपासून उठून लांब गेला. मग मागून एक म्हातारा प्रेसवाला म्हणाला, ‘आमी जुनी माणसं हेच सांगत होतो. आमचं कोण ऐकत नव्हतं, तुमचं नाव सांगायचे.’

एकाने सरळ त्याच्या छातीत धक्का मारला. दुसऱ्याने त्याची कॉलर धरली. चंद्रप्रकाशने हात वर केला नाही. डावा चांगला होता, तो वर झाला असता, पण त्याने तो खालीच ठेवला. ‘मारा,’ म्हणाला. मालन मध्ये पडली, तिनेच कॉलर सोडवली आणि त्याला बाहेर रस्त्यावर आणलं.

नाक्यावर ट्रकची रांग लागली होती. ती त्याच्याशेजारी उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता, रडकाही नव्हता.

‘मी तुमच्या उपकारात होतंय, सर,’ ती म्हणाली. ‘रोज देवाक दिवो लावताना तुमचा नाव घेय. पण खरा सांगू? तुमी खरा बोलला असतात तर माका जेल झाली असती. झाली असती तर होऊ दे. मी कधीतरी सुटान इलंय असतंय. नंदूचे हात काय येवचे नाय.’

मग तिने पदर खांद्यावर घेतला, हॉस्पिटलात नंदूला भरवायची वेळ झाली आहे असं सांगितलं, आणि ट्रकच्या मधून वाट काढत रस्ता ओलांडून गेली.